जानेवारीत लिहा

सुनीती खांबेटेने चार वर्षांत जर्मनीतल्या विद्यापीठांना त्रेपन्न अर्ज केले. हा आकडा तिचा नव्हे, तिच्या नवऱ्याचा. यतीन बांधकामाचा इंजिनिअर, त्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. सुनीतीला कुणी विचारलं तर ती "झाले असतील पन्नासेक" म्हणते आणि समोरच्याला आणखी एका चकलीचा आग्रह करते. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळींत तिची ओळखच मुळी "ती जर्मनीला जाणारी" अशी झाली होती. गणपतीत भेटणारी माणसं पहिल्या वर्षी "मग, कधी?" विचारायची, दुसऱ्या वर्षी "अजून इथेच?" विचारायची, आणि तिसऱ्या वर्षी काहीच विचारेनाशी झाली. तिसऱ्या वर्षीचं तिला सगळ्यांत जास्त लागलं.

ती इथे आली २०११च्या जानेवारीत, पुण्याहून, शेवाळावर पीएचडी करायला. "शेवाळ? म्हणजे मोरीत असतं ते?" असं तिच्या आत्याने विचारलं होतं आणि खरं सांगायचं तर आत्या फारशी चुकली नव्हती. नदीतल्या दगडावर पाय ठेवला की सर्रकन घसरतो, तो जो बुळबुळीत थर असतो तोच सुनीतीचा विषय. त्या थरात डायटम नावाचे जीव राहतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, अंगाभोवती काचेचं कवच बाळगणारे. कुठल्या दगडावर कुठले डायटम आहेत हे कळलं की नदीची तब्येत कळते.

ती आल्यावर पाच आठवड्यांत तो मोठा भूकंप झाला. शहराच्या पूर्वेला जमिनीतून राखाडी गाळ उसळून वर आला, गटारं फुटली आणि ते सगळं शहरातून वाहणाऱ्या एव्हन नदीत गेलं. तिच्याबरोबर आलेली दोन मुलं पुढच्याच आठवड्यात विमानात बसून आपापल्या घरी परत गेली. सुनीती राहिली. तिचे गाइड ग्रेग यांनी तिला बोलावून घेतलं आणि "आता तुझा काय विचार?" असं विचारलं, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. नदीतलं शेवाळ आता मेलंय, तर ते परत कसं येतं हे बघता येईल, असं ती म्हणाली. ग्रेग तिच्याकडे बघतच राहिले. हे तिच्या मनात आठवडाभर होतं, पण त्यांनी विचारल्याशिवाय ती बोलली नव्हती. इथे शिपायापासून कुलगुरूपर्यंत सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. सुनीतीला ते कधी जमलं नाही. चार वर्षं तिने ग्रेगना ग्रेग म्हटलंच नाही, "एक्स्क्यूज मी"वर भागवलं.

मग साडेतीन वर्षं दर पंधरवड्याला ती गमबूट घालून नदीत उतरायची, दगड उचलायची, टूथब्रशने खरवडायची आणि बाटल्या भरायची. कुठला डायटम आधी परतला, कुठला दोन वर्षांनी उगवला, कुठला आलाच नाही, हे तिच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं. काम चोख होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे तिला स्वतःलाच ते खरं वाटेनासं झालं. त्याच काळात शहर पुन्हा उभं करायला आलेल्या इंजिनिअरांच्या लोंढ्यात मुंबईचा यतीन आला, त्यांचं लग्न झालं, ओवी झाली. २०१४च्या नोव्हेंबरात सुनीतीच्या हातात पदवी पडली, तेव्हा ओवी दीड वर्षाची होती आणि पदवीची टोपी चावत होती.

आता तिच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. मोरेश्वरराव पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. चौतीस वर्षं. सुट्टीत सुनीती त्यांच्याबरोबर कॉलेजात जायची. सरांची सही हवी असली की बाबा रजिस्टर घेऊन केबिनच्या दाराशी उभे राहायचे. दार उघडंच असायचं. तरी ते खोकायचे नाहीत, पाय वाजवायचे नाहीत. सरांनी मान वर केली की मगच आत जायचं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. "त्यांच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात बाळा," ते म्हणायचे, "आपलं काम त्यांच्या लक्षात असतंच. आठवण करून देणं म्हणजे तुम्ही विसरलात असं तोंडावर म्हणणं." त्यात कमीपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. लेकीलाही वाटलं नाही. नाकासमोर चालणारं घर होतं ते, आणि त्या घराला त्याचा अभिमान होता.

न्यूझीलंडमध्ये नदीच्या शेवाळावर पोट भरणारी माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यांतलं कुणीही लवकर निवृत्त होण्याच्या बेतात नव्हतं. जर्मनीत मात्र नद्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळाच्या प्रयोगशाळा होत्या. सुनीतीने वाचलेले निम्मे शोधनिबंध तिकडचे होते. म्हणून जर्मनी. तोवर हाताला काहीतरी काम हवं म्हणून ती पाणी तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये लागली. शेतांवरून, शाळांतून, समुद्रकिनाऱ्यांवरून बाटल्या यायच्या. पाणी ट्रेच्या खणांत ओतायचं, रात्रभर उबवायचं आणि सकाळी जंतूंमुळे किती खण पिवळे झाले ते मोजायचं. दहावी झालेल्या मुलीला दोन दिवसांत शिकवता येईल असं काम. "थोडे दिवस," असं तिने यतीनला सांगितलं होतं.

गुरुवार हा अर्जांचा वार. ओवीचं जेवणखाण आटोपलं की सुनीती लॅपटॉप उघडायची आणि जर्मन विद्यापीठांच्या जाहिराती चाळायची. त्या जाहिरातींचं एक वेगळंच शास्त्र होतं. जागा किती टक्क्यांची तेही लिहिलेलं असायचं. पासष्ट टक्क्यांची जागा म्हणजे काम शंभर टक्के आणि पगार पासष्ट, हे उमगायला तिला सहा महिने लागले. मुदत दोन वर्षं, फार तर तीन. कायमची जागा म्हणजे थेट प्रोफेसरची, बाकी सगळे पाहुणे. सगळी कागदपत्रं एकाच फाइलमध्ये हवीत, फोटो लावलेला बरा, जन्मतारीख हवी, शेवटी सही हवी. शिवाय तळाशी ठरलेली ओळ, की स्त्रियांनी आवर्जून अर्ज करावा. ती आवर्जून करायची. उत्तर सहा-आठ महिन्यांनी यायचं, की एकशे चाळीस अर्ज आले, त्यांतून आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कधी तेही यायचं नाही.

"असे अर्ज करून कुणाला मिळत नाही तिकडे," ग्रेगनी एकदा कॉफी पिताना सांगितलं. "जाहिरात येईपर्यंत माणूस बहुधा ठरलेला असतो. ज्याचं काम तुझ्या कामाला जुळतंय असा प्रोफेसर शोध आणि त्याला सरळ पत्र लिही." असा प्रोफेसर तिला शोधावा लागणार नव्हता. पूर्व जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावात प्रोफेसर टीडेमान होते. पुराने धुऊन निघालेल्या नदीत शेवाळ कसं परततं यावर त्यांची हयात गेली होती. तिच्या प्रबंधात त्यांचं नाव एकोणीस वेळा होतं. अशा माणसाला आपण होऊन पत्र लिहायचं होतं. धीर गोळा करायला तिला अकरा महिने लागले.

त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. २०१५च्या नोव्हेंबरात एके दिवशी त्यांच्या संध्याकाळी सातला, म्हणजे इकडे सकाळी सातला, ते स्काइपवर बोलले. सुनीतीने वर चांगला कुडता आणि खाली पायजमा घातला होता. ओवीला घेऊन यतीन मुद्दाम बाहेर गेला होता. टीडेमान पांढऱ्या दाढीचे, किंचित बहिरे, इंग्रजी सावकाश बोलणारे गृहस्थ निघाले. त्यांनी तिला तासभर प्रश्न विचारले आणि ते प्रश्न इतके नेमके होते की दहा मिनिटांत ती घाबरायचं विसरली. गाळात गाडलेल्या दगडांच्या खालच्या बाजूला काही डायटम जिवंत राहिले होते, हा तिचा शोध त्यांना इतका आवडला की ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि पडद्यावर त्यांचं नुसतं पोट दिसायला लागलं.

शेवटी ते म्हणाले, "माझ्या नव्या प्रकल्पाचे पैसे डिसेंबरअखेर मंजूर होतील अशी आशा आहे. त्यात तीन वर्षांची जागा आहे. तुम्ही मला जानेवारीत लिहा, मग पुढचं बघू."

"नक्की सर. थँक यू सो मच सर," ती म्हणाली.

त्या दिवशी ती लॅबमध्ये गुणगुणत होती. संध्याकाळी तिने शिरा केला. पुण्याला फोन झाला. मोरेश्वररावांनी दोनदा विचारून प्रोफेसरांचं नाव लिहून घेतलं आणि देवापाशी ठेवलं.

मग जानेवारी आला. टीडेमाननी "लिहा" म्हटलं होतं हे तिला स्वच्छ आठवत होतं. वहीत तारखेसकट लिहूनही ठेवलं होतं. चार जानेवारीला तिने पत्र लिहायला घेतलं, पण पैसे मंजूर झाले का, हे कसं विचारायचं? आणि न विचारता दुसरं लिहायचं काय? नुकती सुट्टी संपवून आलेला माणूस, त्याच्या मागे लगेच तगादा लावायचा? मंजूर झाले असतील तर ते कळवतीलच. झाले नसतील तर त्यांना आपल्याला तसं सांगणं अवघड जाईल, उगाच कशाला त्यांना पेचात पाडा. पत्र मसुद्यात राहिलं. बारा तारखेला तिने ते पुन्हा उघडलं आणि एक स्वल्पविराम बदलला. वीस तारखेला "प्रिय" काढून "आदरणीय" घातलं. फोनवर बाबा म्हणाले, "येईल पत्र. मोठ्या माणसांना घाई करू नये." यतीन काहीच म्हणाला नाही. फेब्रुवारी आला. आता तर उशीरच झाला होता, आता लिहायचं म्हणजे उशीर का झाला तेही सांगणं आलं.

एप्रिलमध्ये टीडेमानांच्या प्रयोगशाळेच्या पानावर एक नवा चेहरा दिसला. पोर्तुगालचा तरुण, हसरा, दगड हातात धरलेला. प्रकल्पाचं नावही खाली दिलं होतं. सुनीतीने ते पान बंद केलं आणि भाजी फोडणीला टाकली. यतीनला तिने इतकंच सांगितलं, "त्यांना माझ्याहून चांगला मिळाला." तो म्हणाला, "जाऊ दे गं, त्यांचंच नुकसान." आणि ओवीला झोपवायला गेला.

एवढंच झालं. पण त्या दिवसानंतर सुनीतीचं मन आतून खचलं ते खचलंच. टीडेमान सोडून दुसऱ्या कुणी नाकारलं असतं तर तिने मनाची समजूत घातली असती. पण तिचं काम ज्याला पूर्ण कळत होतं अशा एकाच माणसाने ते तासभर पाहून बाजूला ठेवलं, अशी तिची खात्री झाली. अर्ज ती तरीही करत राहिली, जाहिरात दिसली की जुनी फाइल काढायची, विद्यापीठाचं नाव बदलायचं आणि धाडून द्यायची. एकदा नाव बदलायचंच राहिलं आणि एका गावचं कौतुक दुसऱ्या गावाला गेलं. त्याचं तिला हसूही आलं नाही. स्वतःचा प्रबंध तिने कपाटात वर टाकला. लॅबमध्ये तिला बढती मिळाली. आता ती पिवळे खण मोजणाऱ्या दोन मुलींनी बरोबर मोजले का ते मोजायची.

घरातही सगळं अर्ध्यावर होतं. यतीनची नोकरी कायम झाली होती, पण घर घ्यायचं नाही, कारण जर्मनी. सोफा नको, कारण जर्मनी. जर्मनीतल्या मोठ्या शिष्यवृत्तीला आणि बऱ्याच जागांना पदवीनंतर चारच वर्षं चालतात. २०१८च्या नोव्हेंबरात ती भरणार होती. सुनीती त्या तारखेची वाट बघायला लागली होती. तारीख उलटली की कुणी काही विचारणार नाही आणि तिलाही काही करावं लागणार नाही, या विचाराने तिला बरं वाटायचं. आपण इतके थकलोय हे तिने कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

नेमकी त्याच नोव्हेंबरात नद्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची परिषद ख्राइस्टचर्चला भरली. ग्रेगनी फोन केला. "टीडेमान येतोय. तू यायलाच हवंस." ती नको म्हणणार होती, पण ग्रेगना नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. एका दिवसाची रजा काढून ती गेली.

चहाच्या सुट्टीत टीडेमान खिडकीपाशी कुणाशी तरी बोलत उभे होते. दाढी आणखी पांढरी झालेली. सुनीती त्यांच्यापासून चार हातांवर कप धरून उभी राहिली. कप रिकामा झाला. समोरचा माणूस गेला, दुसरा आला. सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली तेव्हा टीडेमानांनी मान वळवली, तिच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचं नाव डोळे बारीक करून वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "खांबेटे! दगडाच्या खालची बाजू!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"तुम्ही कुठे गेलात?" ते म्हणाले. "पैसे मंजूर झाले, मी तुमच्या पत्राची वाट पाहिली. फेब्रुवारी संपेपर्यंत जागा धरून ठेवली होती. माझी सेक्रेटरी रोज माझं डोकं खायची. मला वाटलं, हिला दुसरीकडे चांगलं मिळालं, नाहीतर मन बदललं. इतका सुंदर देश सोडून आमच्या गावात कोण येणार!"

"मला वाटलं तुम्ही लिहाल," ती म्हणाली.

"पण मी तुम्हाला लिहायला सांगितलं होतं."

"हो."

"हे बघा, येतो येतो म्हणणारे मला वर्षाला तीस जण भेटतात," टीडेमान म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच समजत नव्हतं. "जानेवारीत जो लिहितो तोच खरा येणार असतो. म्हणून तर मी सगळ्यांना तसं सांगतो. पोर्तुगालच्या त्या मुलाने तर चार वेळा लिहिलं. काम तुमचं जास्त चांगलं होतं. पण तो हजर होता."

मग त्यांनी सांगितलं की येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होताहेत आणि त्यांची जागा प्रोफेसर हान्सेन नावाच्या बाई घेणार आहेत. "तिला आजच्या आज लिहा. माझं नाव सांगा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर परत लिहा." घंटा झाली आणि ते सभागृहात गेले.

सुनीती आत गेली नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. काम तुमचं जास्त चांगलं होतं. अडीच वर्षं तिने स्वतःला कमअस्सल मानलं होतं, आणि ते कुणीही म्हटलेलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. तिला राग आला. पहिल्यांदा बाबांचा आला, त्यांच्या त्या दाराशी उभं राहण्याचा, आणि मग चौतीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचा आपण राग करतोय याची लाज वाटली. शेवटी तिला हेही कळलं की सगळं खापर बाबांवर फोडून चालणार नाही. लिहिलं असतं तर "नाही" येऊ शकलं असतं. न लिहिता ते कधीच येणार नव्हतं. आदर होताच, पण त्याच्या आड ती घाबरून बसली होती.

संध्याकाळी यतीन तिला न्यायला आला. मागच्या सीटवर ओवी होती. "आय वॉन्ट टू गो टू द फ्लाइंग फॉक्स," ती म्हणाली, म्हणून घरी जाता जाता ते नदीकाठच्या मोठ्या प्लेग्राउंडपाशी थांबले. ओवी दोरीला लटकून इकडून तिकडे जायच्या रांगेत उभी राहिली. सुनीतीने बाकावर बसून यतीनला सगळं सांगितलं, टीडेमान जे बोलले ते शब्दन् शब्द.

यतीनने रांगेतल्या ओवीकडे एकदा पाहिलं.

"म्हणजे तू लिहिलंच नव्हतंस," तो म्हणाला.

"तुला काय वाटलं होतं?"

"मला माहीत होतं." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मसुदा तुझ्या लॅपटॉपवर उघडा पडलेला असायचा गं. मी बघायचो. रोज ठरवायचो की आज हिला सांगायचं, पाठव म्हणून. नाही सांगितलं."

"का?"

"मला नव्हतं जायचं." आवाज खाली गेला होता. "डिसेंबरात माझं परमनंट झालं. पहिल्यांदाच कुठेतरी टेकल्यासारखं वाटत होतं. तू पाठवलंस तर होणार हे मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसलो. एप्रिलमध्ये त्यांना दुसरा मिळाला म्हणालीस ना, तेव्हा मला आनंद झाला होता सुनीती. तू किचनमध्ये होतीस, आणि मी ओवीला झोपवताना... मला हलकं वाटलं होतं."

सुनीतीने त्याच्याकडे बघितलं. या माणसाने तिचे अर्ज मोजले होते, मुलाखतीसाठी घर रिकामं करून दिलं होतं, प्रत्येक नकारावर "जाऊ दे गं" म्हटलं होतं. चिडावं, ओरडावं, असं वाटायला हवं होतं. तिच्यात तेवढं त्राणच नव्हतं.

"मग हे तीन वर्षं मला एकटीला का वाहायला लावलंस?" ती म्हणाली.

ओवी धावत आली, दोघांच्या तोंडाकडे बघून थबकली. "आई, डिड समबडी डाय?"

"नाही गं राणी," सुनीती म्हणाली. "जा, परत नंबर लाव."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नाश्ता झाल्यावर टेबलावर तिने लॅपटॉप उघडला आणि प्रोफेसर हान्सेन यांना पत्र लिहिलं. यतीन समोर बसला होता. नेहमीची फाइल तिने काढली नाही. मी काय केलं, मला काय सापडलं, मला तुमच्याकडे काय करायचं आहे, एवढंच लिहिलं. पदवीला चार वर्षं झाली हेही लपवलं नाही. सवयीने तिने विचारलं, "पाठवू का?"

"मला विचारू नकोस," यतीन म्हणाला. "मला विचारावं अशी माझी लायकी नाही." मग थोड्या वेळाने, "मिळालं तर मी येईन. हे खरं सांगतोय."

तिने पाठवलं.

दोन आठवडे उत्तर आलं नाही. पंधराव्या दिवशी तिने आठवणीचं पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींचं पत्र, त्याला दीड तास लागला. प्रत्येक शब्दागणिक तिला वाटत होतं की आपण उघड्या दारातून न बोलावता आत घुसतोय. तरी पाठवलं, आणि उठून पाणी प्यायली.

उत्तर नाताळच्या सुट्टीआधी आलं, एका सकाळी, ती कामावर निघायच्या आधी. हान्सेनबाईंनी मनापासून लिहिलं होतं. दुसरं पत्र पाठवलंत हे बरं केलंत, पहिलं खाली गाडलं गेलं होतं. तुमचा शोधनिबंध दोनदा वाचला, टीडेमान यांच्याशीही बोलले. प्रकल्पातली जागा गेल्या महिन्यातच भरली आणि उरलेले पैसे पदवीला चार वर्षं न झालेल्यांसाठीच आहेत. तुमची मुदत साडेतीन आठवड्यांनी हुकली. खोटी आशा लावत नाही, उत्तर "नाही" असं आहे.

सुनीतीने ते उभ्याउभ्या वाचलं आणि लॅपटॉप यतीनकडे वळवला. तो वाचत असताना ती त्याचा चेहरा बघत होती. तिथे सुटका दिसेल, निदान क्षणभर तरी, असं तिला वाटलं होतं, आणि ती दिसली तरी चालेल अशी तिने मनाची तयारी केली होती. यतीनने लॅपटॉप मिटला. त्याचे डोळे भरून आले होते.

"साडेतीन आठवडे," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

"दोघांमुळे," ती म्हणाली.

"अजून कुणाला लिहायचं? मी शोधतो. आपण दोघं मिळून..."

"नको," ती म्हणाली. "मी दमलेय यतीन. फार दमलेय."

चार वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. यतीन उठला, तिचा डबा भरून त्याने तिच्या पिशवीत ठेवला आणि ती कामावर गेली. त्या दिवशी सकाळच्या बाटल्या जरा जास्तच होत्या.